मिशिगन सरोवरावर शिडाच्या बोटीने 15 दिवस: नागपूरहून निघण्याआधी

नमस्कार भाऊ. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल आपण कशाबद्दल बोलतोय. तुम्ही कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालात, वय 62. मुलगा शिकागोजवळ राहतो, त्याने गेल्या वर्षी 30 फुटी जुनी शिडाची बोट घेतली. येत्या जुलैत तुम्ही, वहिनी आणि तो असे तिघं शिकागोहून मिशिगन सरोवराच्या उत्तर टोकाजवळच्या मॅकिनॉ बेटापर्यंत जाऊन 15 दिवसांत परत येणार. इथल्या खिंडसी आणि अंबाझरी तलावांवर तुम्ही बोटिंग केलंय, वहिनींना पोहता येत नाही. आणि तुम्ही लिहिलंय, "शेवटी तलावच तर आहे, समुद्र थोडीच आहे." वाट कोणती धरावी, धोका किती, आणि इथे नागपुरात राहून काय शिकता येईल, हे तुमचे प्रश्न.

मी नागपूरचाच, पण नोकरीची बरीच वर्षं मस्केगॉनला गेली, याच सरोवराच्या पूर्व काठावर. तिथे स्वतःची बोट होती, आणि अजूनही उन्हाळ्यात जुन्या मित्रांच्या बोटींवर जातो. जे सांगतो ते त्या काठाच्या सवयीतून सांगतो. शेजारच्या सुपिरियर सरोवरावर बोट चालवणारा माणूस काही गोष्टी वेगळ्या सांगेल, आणि त्याच्या जागी तो बरोबर असेल.

आधी निकाल सांगून टाकतो. जरूर जा, महिनाही बरोबर निवडलाय, पण जाऊन-येऊन मॅकिनॉ हा बेत सोडा. तुमच्या बेतात मला धोका दोन ठिकाणी दिसतो आणि दोन्ही पाण्याच्या बाहेर आहेत. एक म्हणजे मुलाच्या रजेची शेवटची तारीख. दुसरा म्हणजे तिघांत बोट चालवता येणारा माणूस एकच.

आता "तलावच तर आहे" याबद्दल. मिशिगन सरोवर 494 किलोमीटर लांब, जास्तीत जास्त 190 किलोमीटर रुंद आणि सगळ्यात खोल जागी 281 मीटर. क्षेत्रफळ साधारण 58 हजार चौरस किलोमीटर. अख्खा विदर्भ 97 हजारांच्या आसपास भरतो, म्हणजे निम्म्याहून जास्त विदर्भ पाण्याखाली धरा. शिकागोहून तासा-दीड तासात इमारती लहान होत जातात, आणि आडवं पार करायला निघालात तर मधले काही तास कुठलाच काठ दिसत नाही.

शिकागो ते मॅकिनॉ ही शर्यतीची जुनी वाट आहे, पहिली शर्यत 1898 साली झाली. अंतर सुमारे 290 सागरी मैल (एक सागरी मैल म्हणजे सुमारे 1.85 किलोमीटर), तेही एकीकडचं. शर्यतवाले रात्रंदिवस बोट हाकतात, पाळीपाळीने झोपतात, आणि मोठ्या बोटीवर आठ-दहा तयार माणसं असतात. तुमची 30 फुटी बोट वारा, इंजिन सगळं धरून तासाला सरासरी 5 सागरी मैल कापेल. घरच्या मंडळींना घेऊन दिवसाला 6 तास पुष्कळ झाले. म्हणजे रोज 30 मैल, जायला जवळपास 10 दिवस आणि यायला तेवढेच. हा हिशोब एकही दिवस न थांबता. माझा ठोकताळा असा की मोठ्या सरोवरावर तीन दिवसांतला एक दिवस बंदरात बसून जातो, कधी वाऱ्यामुळे, कधी धुक्यामुळे, कधी इंजिनाचा पंप रुसला म्हणून. म्हणजे हे काम महिन्याभराचं आहे, आणि तुमच्याकडे आहेत 15 दिवस.

शिवाय एक गोष्ट नकाशात दिसत नाही. उन्हाळ्यात तिथे वारा बहुतेक दिवस दक्षिणेकडून, नैर्ऋत्येकडून वाहतो. उत्तरेला जाताना तो पाठीशी असतो, बोट आरामात चालते, सगळे खूश. परतताना तोच वारा नाकावर. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही, नागमोडी जावं लागतं, त्यामुळे 30 मैलांचे 40-45 होतात. इंजिन लावून सरळ गेलात तरी लाटा समोरून आपटतात आणि वेग अर्ध्यावर येतो. म्हणून 15 दिवसांच्या सहलीत आठव्या दिवशी परत फिरू हा हिशोब चुकतो. सहाव्या दिवशी, जिथे असाल तिथून, तोंड वळवायचं.

आता तारखेचा मुद्दा. समजा सोमवारी मुलाला कामावर हजर व्हायचंय. शनिवारी तुम्ही अजून दोन मुक्काम दूर आहात आणि अंदाजात 25 नॉट, म्हणजे तासाला 25 सागरी मैल, वारा लिहिलाय. तारीख नसती तर तुम्ही पत्ते खेळत बसला असता. तारीख आहे म्हणून घरात बोलणं सुरू होतं: "निघू तर खरं, बघू पुढे." त्या काठावर मी जेवढ्या बोटी संकटात सापडलेल्या पाहिल्या, त्यातल्या बहुतेकींच्या मागे असंच काही होतं, कुणाची नोकरी, कुणाचं विमान, कुणाचं लग्न. यावर उपाय साधा आहे. बोट वाटेतल्या कुठल्याही मरीनात (बोटी बांधून ठेवायच्या बंदरात) आठवडाभर ठेवून बसने किंवा गाडीने घरी येता येतं. ते पैसे आधीच वेगळे काढून ठेवा, आणि पहिल्याच दिवशी तिघांच्या समोर बोलून ठेवा की वेळ आली तर बोट सोडून यायचं. नंतर ठरवू म्हटलं की कुणाच्या तोंडून निघत नाही.

तुमच्या 15 दिवसांत मी काय केलं असतं? शिकागोहून सरळ पलीकडे सेंट जोसेफला जायला 50 हून जास्त सागरी मैल होतात, दहा-अकरा तास. ते पहिल्या दिवशी नको. दक्षिणेचा काठ धरून हॅमंड, मग मिशिगन सिटी, न्यू बफेलो, सेंट जोसेफ, साउथ हेवन, सॉगाटक, हॉलंड, जमलं तर ग्रँड हेवन, आणि परत. यातले बरेच टप्पे 20 मैलांच्या आसपासचे आहेत, काही त्याहून खूप लहान. मिशिगन राज्याने आसऱ्याची बंदरं साधारण 30 मैलांच्या टप्प्याने बांधत आणलीत, त्यामुळे या काठावर कुठेही असलात तरी एक तर पुढचं नाही तर मागचं बंदर आवाक्यात असतं. आणि मॅकिनॉ पाहायचंच असेल तर वहिनींना घेऊन गाडीने वर जा, तिथून फेरीबोट आहे. त्या बेटावर तशाही मोटारी चालत नाहीत, घोडागाड्या आणि सायकली.

लाटांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खिंडसीच्या अनुभवावर इथे भरवसा ठेवता येत नाही. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला, आणि मोकळ्या पाण्यावर त्याला धावायला किती लांब जागा मिळाली. मे महिन्यात नागपुरात वादळ येतं, झाडं पडतात, होर्डिंग उडतात, तेव्हाही अंबाझरीवर लाट फुटभराच्या पुढे फारशी जात नाही, कारण वाऱ्याला धावायला पाणीच नाही. मिशिगनवर उत्तरेचा वारा सुटला तर त्याला जवळजवळ सगळी लांबी मोकळी मिळते. 20 नॉटचा उत्तरेचा वारा दिवसभर राहिला की शिकागो आणि मिशिगन सिटीच्या बाजूला 2 मीटरच्या आसपास लाटा उभ्या राहतात.

उंचीपेक्षा त्रास होतो तो लाटांमधल्या वेळेचा. महासागरात दूरवरून आलेल्या लाटा 10-12 सेकंदांनी येतात. 10 सेकंदांची लाट एका माथ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे 156 मीटर लांब असते, बोट तिच्यावर चढते आणि उतरते. सरोवरावर 4-5 सेकंदांच्या लाटा असतात. 4 सेकंदांची लाट फक्त 25 मीटर लांब, आणि तुमची बोट 9 मीटर. एका लाटेतून नाक वर येतं न येतं तोच दुसरी समोर उभी. खड्ड्यांच्या रस्त्यावर ऑटोत बसल्यासारखं, तेही सहा तास. समुद्रावर नोकरी केलेली माणसंही इथे उलट्या करताना मी पाहिलीत.

अंदाज वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. अमेरिकेच्या हवामान खात्याचा सागरी अंदाज काठापासून 5 सागरी मैलांपर्यंतचा वेगळा आणि खुल्या पाण्याचा वेगळा असतो. तुमच्या वाटेला पहिला लागू. आणि त्यात दिलेली लाटेची उंची ही सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून एखादी लाट त्याच्या दुपटीजवळ येऊ शकते. साधारण 22 नॉट वारा किंवा 4 फूट लाट अपेक्षित असली की छोट्या बोटींसाठी इशारा निघतो. तुमच्या तिघांसाठी मी रेषा त्याच्या बरीच खाली ओढेन: 15 नॉट आणि 3 फूट. वारा पश्चिमेचा असेल तर त्याहूनही खाली.

पश्चिमेचा का, ते सांगतो, कारण या काठावरची खरी गोम तिथेच आहे. पूर्वेकडची बहुतेक बंदरं नदीच्या मुखात आहेत. नदी सरोवराला मिळते तिथे दोन्ही बाजूंनी काँक्रीटचे लांब धक्के पाण्यात गेलेत, टोकाला दीपस्तंभ. ग्रँड हेवनला दक्षिण धक्क्यावर दोन लाल दीपस्तंभ आहेत, त्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. शांत दिवशी तिथून आत शिरणं म्हणजे गंमत, धक्क्यावर गळ टाकून बसलेली माणसं हात करतात. पण पश्चिमेचा वारा दिवसभर चालला की लाटा मागून येतात, समोरून नदीचा प्रवाह येतो, पाणी उथळ होत जातं म्हणून लाट उभी होते, आणि धक्क्यांवर आपटून परत आलेल्या लाटा तिच्यात तिरप्या घुसतात. मागची लाट बोटीची शेपूट उचलते, सुकाणू क्षणभर हातात हलकं लागतं, काहीच पकडत नाही, आणि बोट आडवी फिरायला बघते. धक्का मात्र दहा-वीस मीटरवर. म्हणजे खुल्या पाण्यात ज्या लाटेचं काही वाटत नव्हतं, तीच लाट दारात येऊन बोट फोडू शकते.

म्हणून आत शिरायचं की नाही हे मैलभर आधी ठरवायचं. शिडं उतरवलेली, इंजिन दहा मिनिटं आधीपासून चालू, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, वहिनी खाली केबिनमध्ये नाहीत तर वर, बसलेल्या. तोंडाशी पांढरं फुटताना दिसलं तर बाहेरच राहायचं. बाहेर राहणं कंटाळवाणं आहे, पोटात ढवळतं, पण खोल पाण्यात बोट सुरक्षित असते. मनाला हे पटत नाही, कारण समोर बंदर दिसतंय, लोक दिसताहेत, कॉफीचं दुकान दिसतंय. तरी बाहेर राहायचं.

थंडीचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. 44 अंश सोसून जाणाऱ्या नागपूरकराला जुलैत स्वेटर न्या म्हटलं की हसू येतं. वरचं पाणी जुलैत 20 अंशांच्या पुढे जातं खरं, पण पूर्व काठावर उत्तरेचा वारा एक-दोन दिवस वाहिला की वरचं कोमट पाणी काठापासून दूर ढकललं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. काल पोरं डुंबत होती तिथे आज पाय टाकवत नाही. फार गार पाण्यात पडलेल्या माणसासाठी तिकडे 1-10-1 असा हिशोब शिकवतात: पहिलं 1 मिनिट श्वासावर ताबा नसतो, पुढची साधारण 10 मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला साधारण 1 तास. पोहता येणारी माणसं पहिल्याच मिनिटात दगावतात, कारण धाप लागून पाणी नाकातोंडात जातं. त्यामुळे वहिनींना पोहता येत नाही याची मला तुमच्याइतकी काळजी वाटत नाही. अंगात लाइफ जॅकेट असणं जास्त मोलाचं, आणि ते तिघांच्याही अंगात, पोहणाऱ्या मुलाच्यासुद्धा.

आता दुसरा धोका, आणि माझ्या मते हाच मोठा. समजा मुलगा पुढे शीड आवरायला गेला, पाय घसरला आणि पाण्यात पडला. आता बोटीवर तुम्ही आणि वहिनी. बोट 5 नॉटने म्हणजे सेकंदाला अडीच मीटरने पुढे चाललीय. एका मिनिटात तो 150 मीटर मागे पडतो, आणि तीन फुटी लाटांत 150 मीटरवरचं डोकं दिसत नाही. तुम्ही दोघं काय कराल? याचं उत्तर तोंडपाठ असल्याशिवाय हॅमंडच्या पुढे जाऊ नका.

उत्तर असं. एकाने पडलेल्याकडे हाताचं बोट रोखून बघत राहायचं, नजर हलवायची नाही, दुसरं काही करायचं नाही. हे काम वहिनींचं. तुम्ही हाताला लागेल ते तरंगणारं सामान पाण्यात फेकायचं, जीपीएसवरचं माणूस पडल्याचं बटण दाबायचं, शीड सैल सोडायचं, दोऱ्या पाण्यात लोंबत नाहीत हे बघून इंजिन सुरू करायचं आणि सावकाश मागे फिरायचं. रेडिओवर 16 नंबरच्या चॅनलवर तीनदा मदतीची हाक "मेडे", मग बोटीचं नाव, जागा, काय झालं आणि किती माणसं. रेडिओवर लाल बटण असेल आणि तो जीपीएसला जोडलेला असेल तर ते दाबून धरलं की जागा आपोआप जाते. जवळ आल्यावर इंजिन बंद, मग दोर. ओल्या कपड्यातला 80 किलोचा माणूस हाताने वर ओढता येत नाही, त्यासाठी मागची शिडी खाली सोडता यायला हवी. हे सगळं पहिल्या दोन दिवसांत बंदराजवळ, उशी पाण्यात टाकून, मुलाने तोंडातून एक शब्द न काढता तुमच्याकडून करून घ्यावं. त्याशिवाय तो एकटा पुढे जाणार असेल तेव्हा हार्नेस (अंगावरचा सुरक्षा पट्टा) बोटीला अडकवलेला हवा, ऊन असो, वारा नसो.

इथवरचं थोडक्यात: पूर्व काठाने हॉलंड किंवा ग्रँड हेवन, सहाव्या दिवशी माघारी, पश्चिमेच्या वाऱ्यात बंदरातच मुक्काम, आणि तुम्हा दोघांना एवढी बोट यायला हवी की मुलगा नसताना ती थांबवून मदत बोलावता येईल.

नागपुरात काय शिकता येईल? बोट नसतानाही बरंच. दहा-बारा मीटर दोर आणा आणि बोलाइनची गाठ (न सरकणारा फास) डोळे मिटून येईपर्यंत बांधा, रोज टीव्ही बघताना. वहिनींनी तरणतलावात लाइफ जॅकेट घालून उडी मारावी आणि पाठीवर तरंगावं. पोहणं आलं नाही तरी चालेल, तोंडात पाणी गेल्यावर घाबरायचं नाही एवढंच त्यातून शिकायचंय. रेडिओचं बोलणं मुलाबरोबर फोनवर रंगवून बघा. शिडाचा हात बसवायचा असेल तर खिंडसीच्या पर्यटक बोटींचा उपयोग नाही, तिथे तुम्ही प्रवासी असता. भोपाळच्या मोठ्या तलावावर छोट्या शिडाच्या बोटी चालतात, नागपूरहून एका रात्रीचा प्रवास. मुंबईतही शिकवतात, पण मोसम ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद. चार दिवस छोट्या बोटीत भिजलात की वारा कुठून येतोय हे गालाला कळायला लागतं, आणि मुलाला निम्मी मदत तिथेच झाली. कुणीतरी तुम्हाला तोतलाडोह धरणावर फुगवायची बोट घेऊन जा म्हटलंय. अजिबात नको, तो पेंच व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, खाजगी बोट आत नेऊ देत नाहीत.

बाकी किरकोळ. मिशिगन हे पंचमहासरोवरांतलं एकच पूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीतलं, त्यामुळे तुमच्या वाटेत सीमा येत नाही. पुढे कधी शेजारच्या ह्युरॉन सरोवरात शिरून कॅनडाच्या काठाला लागायचं ठरलं तर भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा वेगळा व्हिसा लागेल. प्रवास विमा घेताना शिडाच्या बोटीवरचा अपघात धरलाय का ते लेखी विचारा. बोटीवरच्या संडासाचं पाणी सरोवरात सोडता येत नाही, टाकीत साठवून मरीनात उपसून घ्यावं लागतं. शिकागो ज्या पाण्यावर जगतं तेच हे पाणी, पेंचचं पाणी पिणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. गॅसची शेगडी असेल तर सिलिंडरचा कॉक स्वयंपाक झाल्याझाल्या बंद, कारण गळालेला गॅस हवेपेक्षा जड, तो बोटीच्या तळाशी साचतो आणि उडून जायला वाट नसते. उलटीची गोळी आदल्या रात्री घ्यायची, मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही. आणि भाऊ, निघायच्या सकाळी तर्री पोहे नकोत. साधा वरण-भात, बिस्किटं, आल्याचा तुकडा. ठेचा मुक्कामाला.

यापुढचं बरंच बोटीवर आणि मुलावर अवलंबून आहे, म्हणून त्याला विचारून तीन गोष्टी कळवा. इंजिन आत बसवलेलं डिझेल आहे की मागे लटकवलेलं पेट्रोलचं, कारण मागे लटकवलेल्या इंजिनाचा पंखा आखूड लाटांत पाण्याबाहेर येतो आणि मग बंदराच्या तोंडाशी नेमकी ताकद मिळत नाही. मोठं शीड लहान करायची सोय चालू स्थितीत आहे का, आणि ते काम तो एकटा किती मिनिटांत करतो. आणि गेल्या उन्हाळ्यात तो काठ सोडून सगळ्यात लांब कुठवर गेला होता, बरोबर कोण होतं. तिसऱ्याचं उत्तर "बंदराच्या आसपासच" असं आलं तर साउथ हेवनहूनच परत फिरा, आणि जूनच्या शेवटी आठवडाभर आधी पोचून शिकागोच्या बंदरातच सराव करा.